पेशी शाबूत!

...आणि वर मला म्हणते कशी, "काकू, झाडाचे जरा हाल करा ना!"

आता तुम्हीच सांगा, ही काय बोलायची रीत झाली? नवरा गेलेल्या बाईकडे यायचं, दारातच उभं राहायचं, चपला काढायच्या नाहीत, अर्धं वाक्य घरात आणि अर्धं जिन्यात सांडायचं, आणि सांगायचं काय, तर "हाल करा, काकू! पाणी तोडा, उन्हात ठेवा, हवं ते बोला त्याला, पण अगदी पूर्वीसारखं, मनापासून हं!" मनापासून! म्हणजे मी काय त्या झाडाची सासू आहे?

थांबा... तुम्हाला सांगते, नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल, बाईचं डोकं फिरलं. फिरलंच आहे, पण कशाने फिरलं ते तरी कळू दे.

आमचे हे शास्त्रज्ञ. शास्त्रज्ञ म्हटलं की लोकांना वाटतं रॉकेट, धूर, धडामधुडूम... कसलं काय! आमच्याकडे पाला. नवरा जन्मभर पाला वाटत बसला. पानं तोडायची, सावलीत वाळवायची, कुटायची, भिजत घालायची, गाळायची, आटवायची, आणि एवढा सगळा खटाटोप करून जो बोटभर काळा अर्क उरतो, तो काचेच्या बशीतल्या पेशींना पाजायचा. पेशी! ज्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत! मी विचारलं, "त्यांना कशाला पाजायचा? त्यांना खोकला झालाय?" तर म्हणाले... आणि हे फार सावकाश बोलायचे हो, ह्यांचं एक वाक्य संपेपर्यंत माझी अख्खी भाजी चिरून व्हायची... म्हणाले, "असं बघ... माणसाला ताण आला... की अंगात काही द्रव्यं सुटतात... ती पेशीच्या आत शिरतात... आणि डीएनए तोडतात." डीएनए म्हणजे काय, तर माझ्या विणकामातला लोकरीचा गुंडा उचलला. "असं बघ... प्रत्येक पेशीत असा एक गुंडा. थोडा तुटला तर पेशी आपली आपण गाठ मारून घेते. फार तुटला तर मग... कठीण." आणि हे समजावता समजावता माझा चांगला गुंडा टेबलभर सोडून ठेवला, आणि स्वतः गेले आंघोळीला!

बरं, तुटलाय हे कळतं कसं? तर पेशीला मऊ थरात बसवतात, हलकी वीज सोडतात, की तुटलेले धागे बाहेर ओघळतात, आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं की पेशीला शेपटी दिसते. शाबूत पेशी गोल गरगरीत, तुटकी पेशी शेपटीवाली. झालं! एवढ्यावर आमचा संसार चालला. संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली, दार लोटलं गेलं, की दारातूनच आरोळी, "पेशी शाबूत!" म्हणजे ताण दिला, तरी अर्काने वाचवल्या. आणि मी आतून, "असतील! आधी हातपाय धुवा!"

बाकीच्यांच्या घरी नवरा-बायको काय काय गोड बोलत असतील, मला माहीत नाही. आमच्याकडे हेच. "पेशी शाबूत!" "असतील! आधी हातपाय धुवा!"

मी एकदा विचारलं, "अहो, पण बशीतल्या पेशींना ताण देता कसा? त्यांना ना घर, ना दार, ना हप्ते, ना पाहुणे." म्हणाले, "असं बघ... ताणाच्या वेळी अंगात जे सुटतं... त्याचा थेंब बशीत सोडतो." मी म्हटलं, "थेंब कशाला वाया घालवता? तुमच्या बहिणीला पाच मिनिटं फोनवर बोलू द्या त्यांच्याशी, एकजात शेपट्या फुटतील!" हसले. म्हणजे जेवताना हसले. विनोद मी सकाळी केला होता. आणि हसता हसता म्हणाले, "मात्र अर्क आधी द्यावा लागतो हं... आधी अर्क, मग ताण. ताण येऊन गेल्यावर अर्क दिला... तर काही उपयोग नाही." मला काय ठाऊक, हे वाक्य पुढे माझ्याच उरावर बसणार आहे!

आणि पेशी कुणाच्या? विचारा ना, विचारा! ह्यांच्याच! नवरा घरी यायचा तो दंडाला कापूस चिकटवून. रक्त काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांच्यावर प्रयोग. इतरांचंही रक्त घ्यायचे, नाही असं नाही, पण पहिला मान ह्यांचा. "दुसऱ्याला कशाला उगीच टोचायचं?" हा स्वभाव. दुसऱ्याला टोचायचं नाही. सगळं टोचून घ्यायचं ते स्वतःला.

तर हा झाला नवरा. आता सवत!

हो, सवत. एके दिवशी आले, हातात ओला कागद, कागदात काडी, काडीला दोन पानं, रया गेलेली. म्हणाले, पडक्या भिंतीच्या फटीत उगवली होती. लॅबमध्ये तेव्हा जागा नव्हती, म्हणून आणली घरी, आणि लावली आमच्या गॅलरीत, जिथे दुपारचं ऊन असं भाजून काढतं की पापडसुद्धा नको म्हणेल. पान इतकं कडू की मी नाव ठेवलं कडूबाई. पण नावाने काय होतंय! नवरा घरात शिरला की पेशी शाबूत म्हणायचा, आणि हातपाय धुवायला जायच्याऐवजी सरळ गॅलरीत. तिचं पान उलटून बघ, तिच्या खोडावरून बोट फिरव... मी इकडे नवीन रंगाची साडी नेसून उभी, तिचं नाव नाही! म्हटलं, ही कडूबाई नव्हे, ही माझी सवत.

लावली त्या दिवशी मला म्हणाले, "रोज पाणी घालशील ना?" मी म्हटलं, "बघू." बघूच म्हटलं! हो म्हटलेलं नाही, उगीच माझ्यावर ढकलू नका. आणि सवतीला रोज पाणी कोण घालतं? आठवण झाली तर घालायचे. बहुतेक वेळा भांडी विसळलेलं उरलंसुरलं पाणी भिरकावायचे तिच्या अंगावर आणि वर दोन शब्द ऐकवायचे. "काय बघतेस? पी! फुकटचं खातेस, माझ्या उन्हाची जागा अडवतेस, आणि ह्यांना वेड लावतेस!" माना टाकायची बिचारी. पुन्हा उठायची. चिवट! माझ्यासारखीच.

आणि त्या कुपोषित, शिव्या खाल्लेल्या, भांड्यांचं पाणी प्यायलेल्या झाडाच्या पानांनी कमाल केली हो! एवढी झाडं तपासली ह्यांनी, पण असा अर्क कुणाचा नाही. रोज संध्याकाळी, "पेशी शाबूत!" ह्यांनी शोधनिबंध लिहिला, तो छापून आला, कुठून कुठून माणसांची पत्रं आली. ह्यांच्या हाताखालची बाई, तीच ती दारातली, आम्ही तिला धांदल म्हणतो, ती जिन्यावरून धावत आली आणि आनंदाने माझ्याऐवजी आमच्या शेजारणीच्या गळ्यात पडली. शेजारीण अजून विचारते, ती कोण होती?

वरच्या मजल्यावरच्या वहिनींना कुणकुण लागली. म्हणे, "भावजींचं झाड ताणावर चालतं म्हणे?" मी म्हटलं, "बशीतल्या पेशींवर चालतं, वहिनी." "अहो, मग आपण काय वेगळे? आपल्यातही पेशीच की!" आणि माझं लक्ष नाही बघून चार पानं तोडून चावली! दिवसभर जीभ बाहेर. वहिनींचा ताण गेला का ते ठाऊक नाही, पण घरातल्यांचा गेला, संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

आणि मी? मी तर ह्यांच्या मागे लागले होते. "अहो, घरात झाड आहे, चार पानं उकळून घेत जा की. जग वाचवायला निघालात, स्वतःला घोटभर नको?" तर शांतपणे, "असं बघ... बशीत चाललं म्हणजे माणसात चालतं असं नाही होत. माणसावर सिद्ध झालेलं नाही. पुरावा कुठाय?" पुरावा! बायको सांगतेय, हा पुरावा नाही? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! नाही घेतलं. एक घोट नाही घेतला. जे सिद्ध नाही ते बोलायचं नाही, आणि जे सिद्ध नाही ते प्यायचं नाही, असला माणूस. असल्या माणसाला पुढे लोक खोटं म्हणाले हो... येते, तिथेच येते.

काय झालं, काम वाढलं, पानं पुरेनात. मग लॅबच्या मागे जागा मिळाली आणि ह्यांनी सवतीच्या फांद्या नेऊन तिथे बाग केली. बाग कसली, बाळंतिणीची खोली! वर हिरवी जाळी, म्हणजे ऊन लागू नये. खाली नळी, थेंब थेंब पाणी, म्हणजे तहान लागू नये. माती चाळून घेतलेली. खत मापून. तळहाताच्या फोडासारखं जपलं हो! पानं आली ती ही अशी, हातभर, तुकतुकीत. मला बघायला घेऊन गेले. मी म्हटलं, "माझ्यासाठी कधी जाळी लावली नाहीत ती!" तर जेवताना हसले.

त्या पानांचा अर्क केला. पेशींना पाजला. ताण दिला. आणि संध्याकाळी दार लोटलं गेलं... आरोळी नाही. हळूच म्हणाले, "आज शेपट्या आल्या." मी म्हटलं, "येतील! आधी हातपाय धुवा!"

दुसऱ्या खेपेला शेपट्या. पुन्हा शेपट्या. पाणी बदललं, काचा बदलल्या, मायक्रोस्कोप पुसला, स्वतःचं रक्त पुन्हा पुन्हा काढलं, दोन्ही दंडांना कापूस! शेपट्या त्या शेपट्या. गॅलरीतली पानं मात्र नाही घेतली, म्हणे फांद्या हिच्याच, झाड तेच, मग इथलं पान काय नि तिथलं काय. मग लॅबच्या मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. त्या बाई वाईट नाहीत हो, पण त्यांचं बोलणं म्हणजे फ्रीजचं दार उघडल्यासारखं. "हे पाहा, व्यक्ती म्हणून मला तुमच्याबद्दल आदरच आहे. पण एकदा आलेला निकाल पुन्हा येत नसेल, तर तो पहिल्यांदा तरी खरा होता का? पुरावा कुठे आहे?" बघा, शब्द ह्यांचेच. ह्यांच्या तोंडी मऊ लागायचे.

त्यानंतर हे गप्प झाले. तसेही कुठे बोलके होते, पण आता वाक्य सुरूच होईना. "असं बघ..." म्हणायचे आणि पुढे काही नाहीच. मी वाट बघत भाजी चिरायचे, भाजी संपायची, वाक्य यायचंच नाही. गॅलरीत उभे राहायचे. सवत समोर माना टाकून बसलेली, पानं करपलेली, माती दगडासारखी, हे त्यांना दिसत नव्हतं का? दिसत होतं! आणि म्हणाले काय? "ऊन फार आहे हल्ली." ऊन! बायको पाणी घालत नाही असं म्हणायच्याऐवजी सूर्याला बोल लावला त्यांनी! अहो, भांडायचं होतं ना एकदा! ओरडायचं होतं, "अगं, हिला पाणी का घालत नाहीस?" मीही ओरडले असते, "नाही घालत, कधीच घालत नव्हते, काय करायचंय ते करा!" आणि तिथल्या तिथे शोध लागला असता हो! काखेत कळसा आणि गावाला वळसा! बशीतल्या पेशींना रोज शंभर प्रश्न विचारणारा माणूस, बायकोला एक प्रश्न विचारला नाही. का? तर मनाला लागेल तिच्या. दुसऱ्याला टोचायचं नाही ना!

...तसेच गेले. सकाळी. निघायच्या तयारीत होते. एक बूट पायात, एक हातात. मी स्वयंपाकघरातून म्हणतेय, "अहो, डबा घेतलात का?" उत्तर नाही. मला वाटलं, नेहमीप्रमाणे उशिरा येईल उत्तर. मी वाट बघितली. भाजी चिरत वाट बघितली.

डॉक्टर म्हणाले, "हृदय. अचानक." अचानक! लोकांच्या लेखी अचानक असतं. मला शेपट्या दिसत होत्या.

मग घर रिकामं. आणि रिकाम्या घरात दोघीच, मी आणि सवत. आता कुणावरून भांडायचं? ज्याच्यावरून भांडायचं तो गेला. एका दुपारी बघते तर ती वाळून काटकी झालेली, आणि मला असं भडभडून आलं... धावत जाऊन तांब्याभर पाणी ओतलं. "पी गं बाई, पी! तू तरी राहा!" आणि मग मी तिचं ते कोडकौतुक मांडलं की विचारू नका. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. ओल्या फडक्याने पानं पुसायची. भांड्यांचं नाही, पिण्याचं पाणी! उन्हाने भाजते म्हणून गॅलरीच्या कठड्याला ह्यांचा निळा सदरा बांधला, त्याची सावली तिच्यावर. संध्याकाळी त्या सदऱ्यात वारा भरायचा आणि बाह्या हलायच्या... मी त्याच्याकडे पाठ करून बसायचे. पण बसायचे तिथेच. आणि सवत? फोफावली! तुकतुकीत झाली!

आणि अशात धांदल आली. डोळे सुजलेले, आणि तरीही घाईत. "काकू काकू काकू, मोठ्या बाई सरांचा निबंध मागे घेतायत! म्हणजे जगाला कळवणार, की हे खरं नव्हतं, विसरा! मी पाया पडले, म्हटलं एक संधी द्या. तर म्हणाल्या, त्याच झाडाचा अर्क, माझ्या डोळ्यांदेखत, एकदाच! काकू, ते झाड तुमच्याकडचं, मूळचं, हेच ना? पानं द्या!" तुम्हाला सांगते, मी सवतीची सगळ्यात सुंदर पानं काढून दिली. मोठी मोठी, निवडून निवडून, लेकीला सासरी पाठवावी तशी पाठवली.

संध्याकाळी धांदल परत. या वेळी चालत आली. तेव्हाच समजले. "काकू... मी आधी गुपचूप करून बघितलं... शेपट्या."

जिन्यातच बसली. मीही तिच्या शेजारी बसले. मग तिने नाक पुसून विचारलं, "काकू, सर असताना हिला काय घालत होता तुम्ही?"

मी म्हटलं, "शिव्या."

"आणि पाणी?"

"आठवलं तर."

"खत?"

"भांड्यांचं पाणी, त्यात जे काय असेल ते."

अहो, ती पोर माझ्याकडे अशी बघायला लागली, मला वाटलं आता मारते! आणि एकदम उठली, जिन्यात नाचायला लागली. "काकू, ताण! झाडाला ताण! झाडाला पळून जाता येत नाही, ऊन लागलं, तहान लागली, तर ते स्वतःला वाचवायला आतल्या आत तो कडूपणा तयार करतं! तेच आपल्या अर्कातलं औषध! लॅबमध्ये आपण लाड केले, म्हणून तिला बनवायची गरजच पडली नाही! काकू, तुम्ही हिचे हाल केलेत म्हणून सरांच्या पेशी वाचल्या!"

बघा आता! म्हणजे जिचे हाल झाले तिने दुसऱ्याला वाचवायचं, हा काय न्याय झाला? आणि जपलं, लाड केले, जीव लावला, की सगळं पाण्यात! जीव लावला म्हणून हे हरले हो! आणि वर ती मला म्हणते कशी, "काकू, झाडाचे जरा हाल करा ना!" इथे आलो आपण. आठवलं? हेच मघाशी सांगत होते.

मी म्हटलं, नाही करणार. एवढंच उरलंय माझ्याजवळ, त्याचंही पाणी तोडू? कुठे फेडू हे पाप? धांदल जाताना एवढंच म्हणाली, "मग सर खोटे ठरतील, काकू." आणि गेली. चालत.

...रात्र कशी काढली ते नाही सांगत. सकाळी उठले, आणि ह्यांचा निळा सदरा सोडला कठड्यावरून. गाठी घट्ट बसलेल्या, नखाने सोडवल्या. ऊन पडलं सवतीच्या अंगावर. पाणी बंद. आणि शिव्या द्यायला तोंड उघडलं तर शब्द फुटेना! जन्मभर घडाघडा शिव्या दिल्या, आणि आता गरज आहे तर एक येत नाही! "तू... तू ना... अगं तू..." आणि रडू. धांदलने फोनवर सांगितलं, "काकू, शिव्यांची शास्त्रीय गरज नाही, नुसतं पाणी तोडलं तरी चालेल." हे आधी नाही का सांगायचं!

तिने माना टाकल्या. कडा करपल्या. मी समोर खुर्ची टाकून बसायचे. ती तहानलेली असताना मला पाणी गोड लागेना, तर मीही दुपारभर तशीच. वहिनी वरून वाकून म्हणतात, "अहो, झाड मेलं का हो?" मी म्हटलं, "नाही वहिनी, औषध करतेय." आणि अगदीच जगेल की नाही असं झालं, तेव्हा धांदल आली आणि ती सुकी, कडवट, केविलवाणी पानं घेऊन गेली. मीही बरोबर गेले. एकटीला कशाला सोडू सवतीला?

आणि तिथे नवीनच. मोठ्या बाई उभ्या, हात मागे बांधून. म्हणाल्या, "अर्क तोच, तर पेशीही त्याच हव्यात." मी धांदलकडे बघितलं. ती माझ्याकडे बघेना. या बाईला पहिल्यांदाच घाई नव्हती. "काकू... सरांच्या पेशी आहेत. त्यांनीच गोठवून ठेवल्या होत्या. एकच नळी उरलीय. ऊब दिली की... जाग्या होतात."

मी म्हटलं, "जाग्या होतात म्हणजे?"

"जिवंत असतात, काकू. पण तपासल्या की... संपतात. तुमची परवानगी हवी."

आता तुम्ही सांगा. तुमच्या घरचं माणूस गेलंय, आणि कुणीतरी सांगतं, ते नखाएवढं अजून जिवंत आहे, थंडीत आहे, आणि द्या म्हणजे आम्ही संपवतो. काय म्हणाल? मला म्हणावंसं वाटलं, द्या ती नळी, मी घरी नेते, कुशीत घेऊन ऊब देते! पण मला ठाऊक होतं, हे काय म्हणाले असते. "असं बघ... पुरावा लागतोच." म्हटलं, घ्या. दुसऱ्याला कशाला उगीच टोचायचं? घ्या ह्यांच्याच.

धांदलने टाकीचं झाकण उघडलं, पांढरी वाफ आली, त्यातून करंगळीएवढी नळी काढली. मी विचारलं, "मी धरू का?" नियमात बसत नव्हतं. मोठ्या बाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. धांदलने माझ्या हातात मोजे चढवले आणि नळी दिली. तळहातात धरून बसले. बर्फ विरघळला. जिवंत होते हो हे. माझ्या हातात. एक शब्द बोलले नाहीत, पण तसेही कुठे बोलायचे?

मग आधी अर्क, मग ताण. एका बशीत अर्क आणि ताण, दुसऱ्या बशीत नुसताच ताण. दिवस कलायला आला तेव्हा मला मायक्रोस्कोपशी बसवलं. पहिल्यांदा नुसत्या ताणाची बशी. अगंबाई... शेपट्याच शेपट्या. लांब लांब, ओघळलेल्या. टेबलभर सोडून ठेवलेल्या माझ्या लोकरीसारख्या. हा माणूस वरून किती शांत दिसायचा हो, आणि आत असं असायचं असेल? मग धांदलने दुसरी काच सरकवली. मी डोळा लावला.

गोल. एक गोल, दुसरी गोल, सगळ्या गोल, गरगरीत. सवतीने वाचवलं होतं ह्यांना. जाग्या होऊन संपल्या त्या, पण तुटल्या नाहीत.

मोठ्या बाई डोळा लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "निबंध राहील." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. गार नव्हता.

म्हणजे बघा, ह्यांच्या पेशींना आधी अर्क मिळाला. मला कुणी काही आधी दिलंच नाही हो... मला सरळ ताण.

घरी आले. जिना चढले, दार लोटलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून एकदम मोठ्याने निघालं, "पेशी शाबूत!"

आतून काही नाही. गॅलरीत सवत माना टाकून उभी, धांदलने बजावलंय, अजून पानं लागणार, पाणी नको. सदरा खुर्चीवर घडी घालून ठेवलेला. मी उभी आपली दारात, चपला घालून, उत्तराची वाट बघत. हे मेलं उत्तर देणं नेहमी माझंच काम होतं ना!

मग म्हटलं, "असतील! आधी हातपाय धुवा!"

गेले, धुतले. दुसरं काय करणार?